वेबसाईटवर अडकलेलं स्थळ

स्थळं जुळवणं हा धंदा आहे. त्यात पुण्यबिण्य काही नाही. ज्यांना पुण्य पाहिजे त्यांनी पाणपोई घालावी. मी कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, वधू-वर सूचक केंद्र चालवलं. फी घेऊन चालवलं आणि फी मागताना कधी लाजले नाही. माझं शिक्षण चौथी. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुमच्या केंद्रात वेबसाईट कशी आली त्यावर लिहा. मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं? ते म्हणाले, जेवढं कळलं तेवढं लिहा. तेवढंच लिहिते.

आधी धंदा सांगते. मुलाकडचे आणि मुलीकडचे आपापली माहिती आणि एक फोटो आमच्याकडं देत. मी जोडी बघून इकडचा फोटो तिकडं पाठवायची. त्यातला पक्का नियम असा, की मुलीचा फोटो ज्या घरी जाईल तिथून पसंत नसेल तर परत आलाच पाहिजे. मुलीचा फोटो लोकांच्या घरात पडून राहता कामा नये. पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात एका बाईनं फोटो हरवला म्हणून सांगितलं. मी तिच्या सोप्यात चटई टाकून बसले. जेवणवेळ टळली तरी उठले नाही. शेवटी फोटो आरशाच्या मागं सापडला. परत आणायची जबाबदारी माझी होती, म्हणून बसले.

पंच्याण्णवच्या सुमारास मी जुना कॉम्प्युटर घेतला. हौस म्हणून नव्हे, माहितीच्या कागदांनी दोन कपाटं भरली होती म्हणून. टायपिंगची परीक्षा पास झालेली शोभा माझ्याकडं कामाला होती. कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम होते. एकात कागद टाईप करायचे, दुसऱ्यात रकाने पाडायचे. उंची, शिक्षण, नोकरी, गाव, नक्षत्र. शोभाला सांगायचं, बी.कॉम. मुलगा, उंच, पुणं नको. ती तसली नावं काढून द्यायची.

एक गंमत झाली. जे स्थळ मी तोंडानं सांगितलं की लोक नाक मुरडायचे, तेच छापून हातात दिलं की म्हणायचे, "कॉम्प्युटरनं काढलंय व्हय? मग बघू की." माझ्या तोंडापेक्षा त्यांना छपाईवर जास्त भरवसा असेल तर छपाई स्वस्त पडली.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं तर किती सांगू. एक तुरुंगातला शिपाई होता, चांगला, निर्व्यसनी, कायम नोकरीचा. पण पत्ता काय, तर कळंबा जेल. मुलीकडचे कागद वाचायचे आणि तिथंच अडायचे. "आक्का, पोरगा आत हाय का भाईर?" मी म्हणायची, "दिवसा आत, संध्याकाळी भाईर. तुमच्या थोरल्या जावयापेक्षा बरा, त्यो कुठं असतो तेबी ठाऊक न्हाय." त्याचं लग्न शेवटी तुरुंगातल्याच एका हवालदाराच्या मुलीशी झालं. त्यांना पत्त्याचं काही वाटलं नाही.

दोन हजार साल उलटलं आणि मुलं पुण्या-बंगळुरात जायला लागली. त्यांचे आईबाप यायचे आणि म्हणायचे, "फोटो पोस्टानं पोचंस्तवर पोरगं दुसरीच आवडली म्हणतंय. वेबसाईट काढा की." मी एका ओळखीच्याकडं कॉफी पिता पिता तसली एक बघितली. मुलींचं एक पान, मुलांचं एक पान, फोटो आणि खाली दोन ओळी. नाव-पत्ता द्यायचा नाही, फक्त नंबर. मला पटलं. एवढ्यासाठी मुंबईला माणूस कशाला ठेवायचा?

कारण पहिला सल्ला तोच मिळाला होता. मुंबईचा एकजण म्हणाला, पानं मी बनवतो, बदल असला की मला कळवा. म्हणजे प्रत्येक जमलेल्या लग्नाला त्याची वाट बघायची. ते मी सोडून दिलं. मग शोभाला घेऊन राजारामपुरीतल्या दुकानात गेले, वेबसाईट बनवायचं सॉफ्टवेअर बघायला.

दुकानदार तरुण होता. त्यानं आधी एक दाखवलं. काळ्या अक्षरांत कंस आणि तिरक्या रेघा. शोभा माझ्याकडं बघायला लागली. मग दुसरं दाखवलं, त्यात चित्रं हलायची, बटणांच्या रांगा होत्या. तिसरं त्यानं नाईलाजानं दाखवलं. ते आमच्या जुन्या टायपिंगच्या प्रोग्रॅमच्याच कंपनीचं, दिसायलाही तसंच. मी म्हटलं, "शोभा, बस. एका मुलीचं पान करून दाखव."

दुकानदार म्हणाला, "आक्का, हे घरगुती लोकांचं हाय. प्रोफेशनल लोक दुसरं वापरत्यात."

"माझ्याकडं प्रोफेशनल कोण हाय? शोभा हाय."

शोभानं तिसऱ्यावर दुकानात बसल्या बसल्या पान केलं, फोटो घातला, रंग दिला. मी तेच घेतलं. दुकानदारानं मग दुसरा गळ टाकला. म्हणाला, हे नवीन आहे, तुमचे ऑफिसचे प्रोग्रॅम जुने, तर तेही नवे घ्या, सगळं एकदम बदला. मी विचारलं, "जुने चालतात का बंद पडलेत?"

"चालतात, पण..."

"मग चालू देत."

इथं मला त्या यंत्रातली एक गोष्ट शिकावी लागली. आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दीपक म्हणून होता. त्यानं मला समजेल असं सांगितलं. जुने प्रोग्रॅम आणि हे नवं सॉफ्टवेअर एकाच घरातल्या दोन जावा. चूल वेगळी, पण पाटा-वरवंटा एकच, म्हणजे आतल्या काही फायली दोघींत सामाईक. आधी जुनी आली, मग नवी आली, तर नवी आपला चांगला वरवंटा आणते आणि जुनी त्यावर भागवून घेते. उलटं झालं, म्हणजे नवीच्या नंतर जुनी घरात शिरली, तर ती आपला झिजलेला वरवंटा ठेवते आणि नवीचं वाटण अडतं. शिवाय नवं घालताना ते विचारतं, आधीचं जुनं काढून टाकू का? तिथं 'नाही' म्हणायचं. दीपकनं तसंच केलं. दोन्ही नीट चालायला लागली. शोभा आपल्या कॉम्प्युटरवर पान बदलायची, मग टेलिफोनची तार लावून ते 'वर' पाठवायची. पाठवलं की वेबसाईटवर दिसायचं. पान इंग्रजीत होतं, कारण मराठी अक्षरं पुण्याच्या कॉम्प्युटरवर किडेमुंग्या दिसायची.

मला एकच गोष्ट खटकत होती. हातातला फोटो परत आणता येतो. वेबसाईटवरचा कोणी बघितला आणि कोणी नाही, हे कोणाला विचारणार? म्हणून मी नियम केला की सुपारी फुटली की फोटो लगेच उतरवायचा.

पुढच्याच वर्षी उचगावच्या मनीषाचं स्थळ जमलं. मनीषा ब्लाऊज शिवायची आणि शिवणाचा क्लास घ्यायची. वय तिशीला टेकलेलं. आई अंथरुणाला खिळून होती, ती जाईपर्यंत हिनं लग्नाला नाही म्हटलं, आणि आई गेल्यावर दोन ठिकाणी जमता जमता मोडलं. वडील शिवाप्पा फौंड्रीत कामाला, गरीब स्वभावाचे. एक वर्ष गेलं की ते माझ्याकडं येऊन नुसते बसायचे.

मुलगा विलास, पन्हाळ्याच्या तालुका कचेरीत कारकून. वडील लहानपणीच गेलेले, चुलत्यानं वाढवलेला. चुलत्यांना सगळे तात्या म्हणत. विलासला काही विचारलं की तो आधी तात्यांकडं बघायचा. चहा घेणार का विचारलं तरी. पण मुलगा चांगला होता. त्याचं आधी एक लग्न ठरून मोडलं होतं. सुपारी फुटल्यावरही मुलीकडच्यांनी दुसरी स्थळं बघणं चालू ठेवलं आणि जास्त पगाराचा मिळाल्यावर यांना नकार कळवला. त्यामुळं तात्या ताकही फुंकून पीत होते, आणि मी त्यात त्यांना चूक म्हणत नाही.

पितृपंधरवडा लागायच्या आदल्या दिवशी सुपारी फुटली. याद्या, म्हणजे मानपान आणि तारीख कागदावर घेणं, दसऱ्याला करायचं ठरलं. पितरांच्या पंधरवड्यात आमच्याकडं लग्नाचं कोणतंच काम होत नाही. फोटो परत न्यायलाही कोणी येत नाही. शोभानं फोटो उतरवायचं काम घटस्थापनेवर ठेवलं. तिच्या जागी कोल्हापुरातली कोणतीही बाई असती तरी हेच करती.

त्या पंधरवड्यात आमच्याकडं दुसरं एक काम मात्र होतं. नवरात्राच्या आधी घरातलं सगळं धुऊन काढायचं. गोधड्या, भांडी, डबे, भिंती, काही ठेवायचं नाही. केंद्रातही आम्ही कपाटं रिकामी करून पुसली, पडदे धुतले. आणि शोभाच्या डोक्यात आलं की कॉम्प्युटर तेवढा राहिला. तो हळू चालतोय अशी तिची तक्रार होतीच. तिनं दीपकला बोलावलं आणि सांगितलं, "ह्योबी धुऊन काढ."

दीपकनं सगळी माहिती बाजूला उतरवून घेतली, कॉम्प्युटर पार कोरा केला आणि पुन्हा सगळं भरलं. पंधरवड्याची घाई, घराघरातून त्याला बोलावणी. सीड्यांच्या गठ्ठ्यात वर होती ती आधी घातली. वर नवी होती. तिच्या मागून जुनी घातली. ज्यानं मला दोन जावांची गोष्ट सांगितली, त्यानंच जुनीला मागून घरात घेतलं.

घटस्थापनेला शोभा बसली मनीषाचा फोटो उतरवायला. टायपिंगचा प्रोग्रॅम उघडला. रकान्यांचा उघडला. वेबसाईटचं सॉफ्टवेअर उघडेना. इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं आणि बंद व्हायचं. दीपक नवरात्रासाठी गावाला गेलेला.

आणि नेमके तात्या जिना चढून आले. टोपी हातात, तोंड लाल.

"आक्का, तुमच्याकडं विश्वासानं आलतो आमी."

"बसा पावणं. काय झालं?"

"बसायला न्हाय आलो. पुण्याच्या दुसऱ्या पुतण्यानं फोन केलाय. पोरीचा फोटो अजून तिथं हाय. सुपारी फोडून पंधरवडा उलटला आन् दुकान अजून मांडून ठेवलंय व्हय?"

मी सांगितलं की यंत्र बिघडलंय. मी पितरांचं सांगितलं, साफसफाईचं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मलाही पटलं नसतं.

"एकदा पोळलोय," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आत फोटो गेला तर याद्या. न्हाय तर तुमी मोकळं, आमी मोकळं."

मी हे शिवाप्पांना कळवलं तेव्हा ते फौंड्रीच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "आक्का, तिसऱ्यांदा मोडलं तर पुढं कोण येईल?" मी धीर देणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, "कोण न्हाय येणार. म्हणून मोडू द्यायचं न्हाय."

दीपकला निरोप धाडून अष्टमीला बोलावून घेतलं. आधी तो म्हणाला व्हायरस असेल. मग त्यानं नवी सीडी पुन्हा घातली, आणि माझा निरोप ऐकून घाबरला होता म्हणून असेल, मधे आलेल्या प्रश्नाला घाईनं 'हो' म्हणून बसला. जुनं काढून टाकू का, तो प्रश्न. काढलं त्यानं. टायपिंग गेलं, रकाने गेले. शोभानं डोक्याला हात लावला. केंद्रातल्या सगळ्या मुलामुलींची माहिती समोर असून उघडेना.

"दीपक," मी म्हटलं, "तुझ्याच दोन जावा हायत. दोघींनाबी भाईर काढ. मग आधी जुनीला घे, मग नवीला. मधे काय विचारलं तर शोभाला वाचू दे. तू बटणाला हात लावू नको."

"व्हय आक्का."

तसं केलं. शोभानं प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचला, अर्थ सांगितला, मग बटण. टायपिंग उघडलं, रकाने उघडले, शेवटी वेबसाईटचंही उघडलं. शोभा लगेच मनीषाचा फोटो काढायला निघाली. मी तिला थांबवलं. मी काढला म्हणून सांगितल्यावर तात्या विश्वास ठेवणार नव्हते. मी दोन्हीकडच्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. तुमच्या डोळ्यांदेखत काढते, म्हटलं.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. हत्यारं पुजायची, वापरायची नाहीत. शोभा हळदीकुंकवाचं ताट घेऊन तयार. मी तिला म्हटलं, पूजा दुपारी. अवजार आधी चालू दे, मग त्याला कुंकू लाव.

तात्या आणि विलास आले. शिवाप्पा आले आणि सोबत मनीषा आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली.

शोभानं मुलींचं पान उघडलं, मनीषाचा फोटो निवडला, काढला. टेलिफोनची तार लावली. यंत्र किंचाळलं, तात्या दचकले. पान वर गेलं. मग पुण्याच्या पुतण्याला विचारायचं तर फोन आणि वेबसाईट एकाच तारेवर, म्हणून तार काढून फोनला लावली. तात्यांनीच नंबर फिरवला.

"बघ रं, गेला का?" ते ओरडले. "अजून दिसतोय म्हणतोय ह्यो!"

दीपक म्हणाला, "पान पुन्हा ताजं करा म्हणावं, आधीचंच दाखवतंय त्याला."

पुतण्यानं काय दाबायचं ते दाबलं. तात्यांचा चेहरा सैल झाला. "गेला म्हणतोय." त्यांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदा खुर्चीवर टेकून बसले. "झालं मग. उद्या याद्या करू. शिवाप्पा, मनात काय ठिवू नका. पोळलेलो हाय म्हणून बोललो."

शिवाप्पांनी हात जोडले. ते रडायच्या बेतात होते. मी शोभाला चहा सांगायला सांगितलं.

तेवढ्यात मनीषा म्हणाली, "आक्का, पोरांचं पान उघडा की."

माझ्याही डोक्यात तोवर आलं नव्हतं. शोभानं पान उघडलं. वरून तिसरा, चौकोनी कॉलरचा शर्ट घातलेला विलास. खाली नोकरी, उंची, गाव.

तात्या म्हणाले, "ते राहिलं असंल. यंत्र बिघडलंतं न्हवं? काढतील नंतर."

"यंत्र दोघांचंबी बिघडलंतं," मनीषा म्हणाली.

"अगं, पोराच्या फोटोला कोण बघतंय?"

"मी बघितला की. तिथंच बघितला."

दीपकनं हसू दाबायला खोकला काढला. शिवाप्पा पुटपुटले, "मनी, गप." ती गप्प बसली नाही. पण आवाजही चढवला नाही. ब्लाऊजचं माप सांगावं तशी बोलत होती. "शोभाताई, तुमी उठा जरा. ज्यांचा फोटो हाय त्यांनी काढावा."

विलास उठला. तात्यांकडं बघितलं आणि बघता बघताच खुर्चीपाशी गेला. कचेरीत तो टाईपरायटरवर काम करायचा, माऊस कधी धरला नव्हता. शोभानं दाखवलं. फोटोवर टिचकी, मग हे बटण. पडद्यावर एक चौकट आली.

"काय म्हणतंय?" विलासनं विचारलं.

"नक्की काढायचा का, विचारतंय."

तात्या उठून उभे राहिले. "थांब विलास. आधी जरा बोलू आपण. ही आत्ताच एवढं बोलतीया, घरात आल्यावर काय करंल?"

मी मधे बोलू शकले असते. माझं केंद्र, माझं टेबल. पण हा प्रश्न मला विचारलेला नव्हता. शिवाप्पांची नजर फरशीवर, मनीषाची सरळ पडद्यावर. विलासचा हात माऊसवर तसाच होता, आणि या वेळी त्यानं मान वळवली नाही. त्यानं टिचकी मारली. फोटोची जागा रिकामी झाली.

शोभाला गप्प बसता आलं असतं, पण ती कामाची बाई. ती म्हणाली, "इथनं गेला. पण वर पाठवल्याशिवाय वेबसाईटवर राहणारच."

"मग राहू दे," तात्या लगेच म्हणाले. "नंतर पाठवू. काय घाई हाय?"

विलास खुर्चीतून उठला नाही. त्यानं शोभाला विचारलं, "पाठवायचं बटण कुठलं?"